आकाशमार्गे रुग्ण नेताना

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी शिबिरानिमित्त हिवरे बाजार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण ज्या गावात बसलो आहोत त्या गावाची ओळख करून देण्याची गरज नाही. १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले आणि दुष्काळाने उठलेले हे गाव पुढच्या काळात पुन्हा वसले. आपली मुले सकाळपासून येथील बांध, चर आणि झाडी पाहून आली आहेत. पण मला स्वतःला या गावाच्या दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. पहिली ही की, येथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, पिण्याला किती लागेल, जनावरांना किती, आणि उरले तर शेतीला किती, हा हिशेब ग्रामसभेत सर्वांसमोर होतो. दुसरी गोष्ट अशी की, गावात मुस्लिम कुटुंब एकच असताना त्या एका घरासाठी गावाने मशीद बांधली. हिशेबाची शिस्त आणि एका घराची गरज ती गावाची गरज मानण्याची वृत्ती, या दोन्ही गोष्टी माझ्या आजच्या विषयाला फार जवळच्या आहेत.

विषय आहे, अत्यवस्थ रुग्णाला विमानाने दूरच्या शहरात हलविण्याचा. तुम्ही म्हणाल, डॉक्टरसाहेब, येथे एस.टी.ची वाट पाहणारी माणसे बसली आहेत, त्यांना विमान कशाला सांगता? कारण असे की, गेल्या काही वर्षांत हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही. अतिदक्षता विभागाच्या दाराशी, रात्री दोन वाजता, थकलेल्या बापाला कोणी तरी सांगते, ‘मोठ्या शहरात हलवा, विमान मिळते.’ हातात मोबाईल असतो, त्यावर दहा नंबर सापडतात, आणि सकाळपर्यंत घर, दागिने, जमीन यांचा सौदा ठरतो. असा निर्णय घेण्यापूर्वी या विषयाचे साधे ज्ञान घरात असावे, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम हे समजून घेऊ की विमान रुग्णवाहिका म्हणजे नेमके काय. ते आठ-दहा माणसांचे लहान विमान असते. खुर्च्या काढून तेथे स्ट्रेचर बसवलेले असते. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र, ज्याला आपण व्हेंटिलेटर म्हणतो, हृदयाचे ठोके दाखविणारा मॉनिटर, थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप, प्राणवायूचे सिलिंडर आणि औषधांची पेटी, एवढे सामान त्यात असते. सोबत एक डॉक्टर व एक परिचारिका किंवा पॅरामेडिक असतो. सहसा एका नातेवाइकाला, फार तर दोघांना जागा मिळते. थोडक्यात, अतिदक्षता विभागाची एक खाट उचलून आकाशात नेली जाते. पण खाट नेता आली तरी रुग्णालय नेता येत नाही. शस्त्रक्रियागृह, रक्तपेढी, प्रयोगशाळा खालीच राहतात. म्हणून जे करता येण्यासारखे आहे ते उड्डाणापूर्वी करून घ्यावे लागते. श्वासनलिकेत नळी घालायची असेल, रक्तस्राव थांबवायचा असेल, रक्त चढवायचे असेल, तर ते जमिनीवरच.

आता उंचीविषयी. विद्यार्थ्यांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण हे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातलेच आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई आपल्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आहे. त्याची उंची १६४६ मीटर. विमान कितीही उंच उडो, आतील हवा दाबून ठेवलेली असते, हे खरे. पण ती जमिनीइतकी दाट ठेवलेली नसते. प्रवासी विमानात तो दाब साधारणतः ८००० फुटांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतपत असू शकतो. म्हणजे निरोगी माणूस खुर्चीत बसून जणू कळसूबाईच्याही वर गेलेला असतो, आणि त्याला ते कळतही नाही. त्याच्या रक्तातील प्राणवायू थोडा कमी होतो, एवढेच. परंतु ज्याची फुप्फुसे आधीच निम्मी निकामी झाली आहेत, त्याला हा ‘थोडा’ परवडत नाही.

दुसरा परिणाम बॉइलच्या नियमाचा. दाब कमी झाला की वायू पसरतो. त्या उंचीवर बंदिस्त वायू जवळजवळ एकतृतीयांशाने फुगतो. अपघातात बरगडी मोडून छातीच्या पोकळीत हवा साठलेली असेल, तर ती वर गेल्यावर वाढते आणि फुप्फुसाला दाबते. म्हणून अशा रुग्णाच्या छातीत आधी नळी घालून ती हवा काढावी लागते. आतडे बंद झालेला रुग्ण, डोक्याच्या जखमेत हवा शिरलेला रुग्ण, डोळ्याच्या शस्त्रक्रियेत आत वायू सोडलेला रुग्ण, यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. श्वासनलिकेतील नळीचा छोटा फुगासुद्धा फुगतो. त्याचा दाब सतत मोजावा लागतो. काही वेळा डॉक्टर वैमानिकास सांगतात, केबिनमधील दाब जमिनीच्या जवळपास ठेवा. मग विमानाला खालून उडावे लागते, इंधन जास्त लागते, क्वचित वाटेत एक मुक्कामही वाढतो. हे सारे आधी ठरवायचे असते. वर गेल्यावर इंजिनाच्या आवाजात स्टेथोस्कोपने छातीदेखील ऐकू येत नाही.

आता हिवरे बाजारच्या ताळेबंदाकडे येऊ. प्राणवायूचा हिशेब अगदी तसाच मांडावा लागतो. समजा, रुग्णास मिनिटाला १० लिटर प्राणवायू लागतो. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेपर्यंतचा सगळा वेळ ७ तास, म्हणजे ४२० मिनिटे. लागणारा प्राणवायू ४२०० लिटर. ज्याला ‘बी टाइप’ म्हणतात त्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर मावतो. म्हणजे तीन सिलिंडर. पण शहाणा माणूस तीन घेऊन निघत नाही. धावपट्टी मोकळी नसेल, पाऊस असेल, शहरात वाहतूक अडली असेल. म्हणून दुप्पट, म्हणजे सहा सिलिंडरांएवढा साठा, मग तो रस्त्यावरील गाडीत असो की विमानात. यंत्रांच्या बॅटऱ्यांचाही असाच हिशेब. विहिरीत पाणी किती आहे हे न पाहता ऊस लावणारा शेतकरी आणि साठा न मोजता रुग्ण हलविणारा माणूस, दोघांची गत सारखीच.

वेळेचा हिशेबही डोळसपणे करावा. जाहिरातीत सांगतात, ‘पुण्याहून चेन्नई दोन-अडीच तास.’ उड्डाण तेवढेच असेल. पण आपण हिवरे बाजारहून निघालो असे धरा. येथून नगर, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, सुमारे १७ किलोमीटर. नगरहून पुण्याचा लोहगाव विमानतळ सुमारे १२० किलोमीटर. शिर्डीजवळ काकडी येथे २०१७ साली विमानतळ झाला, तोही नगरपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर. म्हणजे विमान गाठण्यासाठीच अडीच-तीन तास रस्त्याने जाणे आले. त्यात रुग्ण चढविणे-उतरविणे, कागदपत्रे आणि पलीकडच्या शहरातील गर्दी मिळवा. सात-आठ तास सहज जातात. तरीसुद्धा चेन्नईला रस्त्याने लागणाऱ्या वीस-बावीस तासांपेक्षा ते पुष्कळ कमी. म्हणून दूरच्या पल्ल्यासाठी विमानाला अर्थ आहे. पण नगरच्या रुग्णाला पुण्याला न्यायचे असेल तर विमानाचा विचारही करू नये. तेथे सुसज्ज गाडी आणि जाणता डॉक्टर हेच खरे साधन.

आपल्या महाराष्ट्रातील एक गाजलेले उदाहरण सांगतो. २०१७ साली इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथून एका महिलेला उपचारासाठी मुंबईस आणण्यात आले. तिचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले जात होते आणि कित्येक वर्षे ती घराबाहेर पडली नव्हती. मुंबईतील चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात, डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्याकडे तिच्यावर उपचार व्हायचे होते. हे रुग्णालय दाऊदी बोहरा समाजाने उभारलेले आहे. व्हिसा अडला तेव्हा डिसेंबर २०१६ मध्ये तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातले. मुंबईचे डॉक्टर आधी इजिप्तला जाऊन राहिले, तिची प्रकृती प्रवासायोग्य करून घेतली. नेहमीच्या रुग्णवाहक विमानात ती मावणे शक्य नव्हते, म्हणून मालवाहू विमान घेतले. खास पलंग बनविला. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी विमान मुंबईत उतरले, तेथून ट्रकने तिला नेले आणि रुग्णालयाशी क्रेनने पलंग उचलला. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. पुढे नातेवाईक व डॉक्टर यांच्यात मतभेद झाले, ते वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. ४ मे रोजी तिला विमानानेच अबुधाबीला हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे तिचे निधन झाले.

यातून काय शिकावे? पहिले असे की, काही तासांच्या उड्डाणामागे कित्येक आठवड्यांची तयारी होती. दुसरे असे की, प्रवास यशस्वी होणे आणि रुग्ण बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाने रुग्ण सुखरूप पोहोचला म्हणजे आजार हरला, असे नाही. विमान हे औषध नव्हे. औषधापर्यंत नेणारा तो रस्ता आहे. आणि तिसरे असे की, डॉक्टर व नातेवाईक यांनी ‘आपण नेमके काय साधणार आहोत’ हे निघण्यापूर्वी एकमेकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

धोका आकाशातही असतो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. ६ मे २०२१ रोजी एका रुग्णवाहक विमानाचे चाक नागपूरहून उड्डाण करताना निखळून पडले. आत रुग्ण होता. वैमानिक कॅप्टन केसरी सिंग यांनी मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरवून घेऊन विमान पोटावर उतरविले आणि सर्वजण वाचले. परंतु त्याआधी दहा वर्षांपूर्वी, २५ मे २०११ रोजी, पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणारे विमान खराब हवामानात फरिदाबादच्या वस्तीवर कोसळले. विमानातील सातही जण आणि जमिनीवरील तिघे असे दहा जीव गेले. म्हणून वैमानिक जेव्हा म्हणतो, ‘आता हवामान ठीक नाही, सकाळी निघू,’ तेव्हा त्याच्यावर पैशाचा, ओळखीचा किंवा अश्रूंचाही दबाव आणू नये. त्याचा नकार हादेखील रुग्णसेवेचाच भाग आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. न्यावे केव्हा आणि नेऊ नये केव्हा?

काही काळापूर्वी एका गावचे गृहस्थ माझ्याकडे आले. तरुण मुलगा अपघातानंतर व्हेंटिलेटरवर होता. दोन एकर जमिनीचा ग्राहक त्यांनी त्याच दिवशी पाहिला होता. म्हणाले, “डॉक्टरसाहेब, विमान करतो. लोकांनी म्हणू नये की बापाने हात आखडला.” मी त्यांना विचारले, “चाचा, तिकडे असे काय करणार आहेत जे येथे होत नाही?” त्यांना सांगता आले नाही. आम्ही दोघांनी मिळून मुलाच्या डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. उत्तर मिळाले की, शस्त्रक्रिया झाली आहे, आता सूज उतरण्याची वाट पाहायची आहे. ती वाट येथेही पाहता येते आणि चेन्नईतही, पण मधला प्रवास मात्र घातक ठरेल. मुलगा हलविला नाही. तो पुढे काठीच्या आधाराने चालू लागला. जमीन राहिली, आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावरच त्याचे पुढचे वर्षभराचे व्यायामोपचार झाले. प्रत्येक गोष्टीचा शेवट असा होत नाही, हे मी जाणतो. कधी नेणेच योग्य असते. फुप्फुसे निकामी झालेल्या कोविडच्या रुग्णांना २०२०-२१ मध्ये सुरतेसारख्या शहरांतून चेन्नईला विमानाने नेले गेले, कारण फुप्फुसरोपणाची सोय तेथे होती. तेथे प्रश्नाला उत्तर होते. लोक काय म्हणतील, हे मात्र त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

म्हणून निघण्यापूर्वी पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. येथे नाही असा कोणता उपचार तेथे मिळणार आहे? तेथील कोणत्या डॉक्टरांनी रुग्ण स्वीकारला आहे आणि खाट राखल्याचे लेखी कळविले आहे काय? रुग्ण प्रवास सोसू शकेल असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिले आहे काय? सोबत येणारा डॉक्टर अतिदक्षतेचा अनुभवी आहे काय? सांगितलेल्या रकमेत दोन्हीकडच्या रस्त्यावरील गाड्या धरल्या आहेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, पोहोचल्यानंतरच्या पहिल्या महिन्याच्या उपचाराला पैसा उरतो काय? विमानाचा खर्च काही लाखांत जातो. सर्व पुंजी आकाशात उडाली आणि जमिनीवर औषधाला पैसे नाहीत, अशी कुटुंबे मी पाहिली आहेत.

फसवणुकीपासूनही सावध राहावे. जाहिरात करणारे पुष्कळजण स्वतः विमान बाळगत नाहीत, ते मध्यस्थ असतात. मध्यस्थ असणे गुन्हा नाही. पण विमान कोणाचे, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना कोणाच्या नावे, विमानाचा नोंदणी क्रमांक काय, हे विचारावे. भारतीय विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ या अक्षरांनी सुरू होतो. हे सांगण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्या खात्यात एक पैसाही भरू नये. विम्याची पॉलिसी असेल तर तिच्यात विमान रुग्णवाहिकेचे कलम आहे काय, त्याची मर्यादा किती, पूर्वपरवानगी लागते काय, हे निरोगी असतानाच वाचून ठेवावे.

रुग्ण स्थिर असेल तर आणखी एक मार्ग आहे. काही प्रवासी विमान कंपन्या मागच्या खुर्च्या पाडून स्ट्रेचर बसवू देतात. त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय अर्ज, कंपनीच्या डॉक्टरांची मंजुरी आणि काही दिवसांची आगाऊ सूचना लागते. अनेक तिकिटांचे पैसे भरावे लागतात, तरी स्वतंत्र विमानापेक्षा ते पुष्कळच स्वस्त पडते. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या आपल्या भावांना घरी आणताना हा मार्ग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अत्यवस्थ रुग्णाला मात्र तो चालत नाही.

सरकारनेही यात पाऊल टाकले पाहिजे. ऑस्ट्रेलियात रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नाने १९२८ सालीच ‘फ्लाइंग डॉक्टर’ सेवा सुरू झाली आणि निर्जन प्रदेशातील माणसाला आकाशातून डॉक्टर मिळू लागला. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२४ साली ‘पीएमश्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स’ सेवा सुरू केली. आयुष्मान कार्ड असलेल्या गरीब रुग्णास ती विनामूल्य देण्याची तीत तरतूद आहे. आपल्या महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तीही विनामूल्य. आपल्या घरातील दहापैकी नऊ संकटांत विमान नव्हे, हीच गाडी जीव वाचवील. पहिल्या तासात केलेला तो एक फोन पाचव्या दिवशीच्या विमानापेक्षा मोलाचा असतो. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत याच हिवरे बाजारने काय केले? घरोघरी तपासणी केली, बाधितांना लवकर वेगळे ठेवले आणि मे महिन्यात गाव कोरोनामुक्त केले. रुग्ण अत्यवस्थ होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला दोन शब्द. डॉक्टर व्हायचे तर जरूर व्हा. पण या एका उड्डाणात डॉक्टरखेरीज परिचारिका असते, पॅरामेडिक असतो, यंत्रे सांभाळणारा तंत्रज्ञ असतो, विमान दुरुस्त करणारा अभियंता असतो, वैमानिक असतो आणि फोनवर बसून सगळे जुळविणारा माणूस असतो. यांतले प्रत्येक काम शिकता येते आणि प्रत्येक काम मुलीही करू शकतात. आपल्या समाजात वैद्यकीयला नंबर लागला नाही की मुलगा निराश होऊन बसतो आणि मुलीचे शिक्षण थांबते. असे होऊ देऊ नका. व्हेंटिलेटरची नळी निसटली हे ज्या परिचारिकेच्या प्रथम लक्षात येते, त्या क्षणी रुग्णाचा जीव तिच्या हाती असतो. तिच्या नावापुढे कोणती पदवी आहे हे त्या वेळी कोणी विचारत नाही.

पालकांना आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी तीन कामांची विनंती आहे. प्रत्येक घरात एक फाईल असावी. तीत रक्तगट, चालू औषधे, जुने तपासण्यांचे कागद, विम्याची व शासकीय योजनेची कार्डे एकत्र असावीत. दुसरे, शाळेतील नववीच्या पुढच्या प्रत्येक मुलामुलीला हृदय बंद पडल्यास छाती दाबण्याचे शिक्षण द्यावे. ते एका दुपारी शिकवता येते आणि मी स्वतः येऊन शिकवीन. तिसरे, संस्थेने एक लहान रुग्णमदत समिती नेमावी. तिच्यात एक डॉक्टर, एक हिशेब जाणणारा आणि एक शांत डोक्याचा वडीलधारा माणूस असावा. रात्री दोन वाजता घाबरलेल्या बापाशेजारी बसून वरील प्रश्न त्यांनी विचारावेत. निधी जमला तर त्याचा हिशेब वर्षातून एकदा सर्वांसमोर वाचावा, जसा या गावात पाण्याचा वाचतात.

एका घराच्या गरजेला सारे गाव उभे राहिलेले आपण आज येथे पाहिले. आपल्यातील एकाही घराला तो कठीण निर्णय एकट्याने घ्यावा लागू नये, एवढी व्यवस्था आपण या वर्षात करू या. समितीसाठी ज्यांना नावे द्यायची आहेत त्यांनी जेवणापूर्वी चिटणीसांकडे द्यावीत.